रंगीत चॉकलेटचं किट: साचे एकदम झकास, रंगांनी मात्र घात केला

सण जवळ आला की पोरांच्या हाताला काहीतरी काम हवं असतं आणि आपल्याला ते काम शक्यतो गॅसपासून लांब हवं असतं, म्हणून हे "घरच्या घरी रंगीत मिठाई" वालं किट मागवलं. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण असली किट्स थोड्याफार फरकाने सारखीच असतात, खोक्यावरचं चित्र तेवढं बदलतं. आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. साचे आणि मेल्ट्सना (म्हणजे वितळवून ओतायच्या चॉकलेटला) पैकीच्या पैकी, रंगांच्या बाटल्यांना भोपळा, आणि माहितीपत्रक ज्याने लिहिलंय त्याने जन्मात कधी चॉकलेट वितळवलंय का याबद्दल मला दाट शंका आहे.

खोक्यात निघालं ते असं, पांढऱ्या मेल्ट्सच्या पिशव्या, सिलिकॉनचे साचे (चांदण्या, पानं आणि छोटे गोल), चार रंगांच्या इवल्या इवल्या बाटल्या, स्प्रिंकल्स, एक सोनेरी भुकटी, गमी बनवायचं पाकीट, लॉलीपॉपच्या काड्या आणि एक थर्मामीटर. एवढं सगळं एका खोक्यात बघून पोरं खूश झाली.

मेल्ट्सपासून सुरू करू कारण तेच यातलं खरं काम करतं. मेल्ट्स म्हणजे कंपाऊंड चॉकलेटच, कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट, बहुतेक पाम कर्नलचं. खऱ्या चॉकलेटची भानगड अशी की कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात आणि त्यातल्या एकाच प्रकारात ती चकाकी आणि तो कट्कन तुटायचा आवाज मिळतो, त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवा, मग २७ च्या आसपास उतरवा, मग परत ३१-३२ वर आणा, म्हणजेच टेम्परिंग, आणि हे सगळं सहा-सात वर्षांची दोन पोरं बाऊलमध्ये बोटं घालत असताना करायचं म्हणजे विसराच. कंपाऊंडला यातलं काहीच लागत नाही, वितळवा, ओता, थंड करा, निघालं. चवीला खऱ्या चॉकलेटची सर नाही, जिभेवर थोडा मेणचट थर राहतो, हे मान्य. पण या कामाला तेच बरं. फक्त घरात पडलेला खऱ्या चॉकलेटचा बार "संपवून टाकू" म्हणून यात घालू नका, ही दोन फॅट्स एकमेकांत नीट जमत नाहीत, वडी मऊ राहते आणि काही दिवसांनी वर पांढरट डाग येतात.

वितळवायला मायक्रोवेव्ह, पॉवर निम्मी, ३० सेकंद फिरवा, बाहेर काढून ढवळा, परत ३० सेकंद. थोडे गोळे शिल्लक असतानाच थांबायचं, बाकीचे ढवळता ढवळता आतल्या उष्णतेने विरघळतात. पत्रकात सरळ "दोन मिनिटं फिरवा" लिहिलंय. अहो, पांढऱ्यात दूध पावडर असते, ती तळाला करपते आणि वरून बघितलं तर कळतही नाही! डबल बॉयलर करणार असाल तर बाऊल पातेल्यावर घट्ट बसणारा घ्या म्हणजे वाफ आत शिरणार नाही. मिश्रण जाड वाटलं तर चमचाभर बिनवासाचं तेल घाला, दूध किंवा पाणी अजिबात नाही, का ते पुढे येतंच आहे.

साचे खरंच छान आहेत. सिलिकॉन जाड आहे, वास नाही, कडा धारदार आहेत त्यामुळे पानाच्या शिरासुद्धा उमटतात. आधी ट्रेवर साचा ठेवायचा आणि मगच ओतायचं, भरलेला मऊ साचा उचलून नेताना तो मध्येच वाकतो आणि सगळं ओघळतं. ओतल्यावर ट्रे ओट्यावर चार-पाचदा हलकेच आपटायचा, वर बारीक बारीक बुडबुडे येऊन फुटतात, ते आपटणं पोरांना भलतंच आवडतं आणि जितकं आपटू तितकी चांदणीची टोकं भरलेली निघतात. मग फ्रिजमध्ये १०-१५ मिनिटं. काढताना वडी ओढायची नाही, साचा उलटा करून मागून अंगठ्याने दाबायचं, पुक् करून बाहेर येते. चकाकी किती येणार हे साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर असतं, आत गुळगुळीत असेल तर वडी चकाकते, खरखरीत असेल तर मॅट निघते. यातले गोल साचे आतून गुळगुळीत आहेत आणि पानांचे मॅट आहेत, आणि खोक्यावरच्या फोटोत सगळंच आरशासारखं लखलखतंय ते साफ खोटं आहे. साचा धुतला की पूर्ण कोरडा करा, कोपऱ्यात एक थेंब राहिला तरी त्या जागी वडी चिकटते.

आता रंग. इथे माझं डोकं फिरलं. पत्रकात पायरी तिसरी, "वितळलेल्या मेल्ट्समध्ये आवडीचा रंग मिसळा." पायरीनुसार भाचीने लाल बाटली पिळली, थेंब पडले, तिने ढवळायला घेतलं आणि बघता बघता मऊसूत धार पडणारं मिश्रण आधी जाड, मग रवाळ, मग स्पॅटुलाला चिकटून उभा राहणारा गोळा झालं. "आत्या, हे सिमेंट झालं गं." झालंच होतं. बाटली उलटी करून लेबल वाचलं तर बारीक अक्षरांत पहिलाच घटक पाणी! म्हणजे चॉकलेटच्या किटमध्ये पाण्यातले रंग, आणि वर तेच मिसळा म्हणून छापील सूचना.

हे का होतं तर वितळलेलं चॉकलेट म्हणजे फॅटमध्ये तरंगणारे साखरेचे आणि दूध पावडरचे बारीक कण, त्यात पाणी जवळपास नसतंच. दोन-चार थेंब पाणी आलं की कणांवरची साखर ओली होऊन चिकट होते, कण एकमेकांना धरून बसतात आणि सगळं सीझ होतं. गंमत म्हणजे थोडं पाणी घात करतं पण भरपूर चालतं. गोळा झालेलं मिश्रण फेकू नका, चमचा चमचा गरम दूध किंवा क्रीम घालत ढवळत राहा, परत गुळगुळीत होतं, पण आता तो सॉस झाला, साच्यात घट्ट जमणार नाही. आम्ही तो लाल सॉस आईस्क्रीमवर संपवला, पोरांची काही तक्रार नव्हती, माझी मात्र होती. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की "कृपया पत्रकातील सूचना पाळा". धन्य!

चॉकलेटला तेलातले रंग लागतात, बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, किंवा लेक प्रकारचे कोरडे रंग, जे विरघळत नाहीत तर फॅटमध्ये पसरतात. तेलातला रंग वेगळा घेऊन परत करून बघितलं, एकदम सुरेख. एक लक्षात ठेवा, पांढरं म्हणतो ते खरं तर पिवळट असतं, विशेषतः कोको बटरवालं खरं पांढरं चॉकलेट, त्यामुळे निळा घातला की हिरवट होतो आणि मग आपण निळा ओततच राहतो. आधी टूथपिकच्या टोकावर घेतलेला जांभळा मिसळा, पिवळेपणा मारला जातो, मग निळा घाला. शिवाय रंग मुरल्यावर अजून गडद होतो, तेव्हा हवा त्यापेक्षा जरा फिकाच ठेवून थांबा.

बाटलीच नको असेल तर फ्रीझ-ड्राईड स्ट्रॉबेरी किंवा रासबेरीची पूड. कोरडी असते म्हणून सीझ होत नाही, गुलाबी रंग येतो आणि आंबटपणामुळे मेल्ट्सचा तो मिट्ट गोडवा जरा कापला जातो, माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात चविष्ट वडी हीच. पूड मात्र बारीक चाळून घ्या आणि पाकीट उघडं ठेवू नका, हवेतला ओलावा लगेच पकडते. हळदीचा पिवळा मस्त येतो पण जरा जास्त झाली की चव सांगते. स्पिरुलिना या शेवाळाचा निळा उष्णतेला टिकत नाही, उकळत्या कशात घालू नका. आणि नैसर्गिक रंग उजेडात फिके होतात, त्यामुळे खिडकीपाशी मांडून ठेवायचं असेल तर अपेक्षा कमी ठेवा.

मग त्या पाण्यातल्या बाटल्यांचं काय केलं, तर फज, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क आणि मेल्ट्सची मऊ वडी. यासाठी त्या चालतात कारण कंडेन्स्ड मिल्कमध्ये आधीच पुरेसं पाणी असतं, आणखी काही थेंबांनी काही बिघडत नाही. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कला ५०० ग्रॅम मेल्ट्स, चिमूटभर मीठ, जरा व्हॅनिला. जाड बुडाच्या पातेल्यात एकदम मंद आचेवर मेल्ट्स विरघळेपर्यंतच ढवळायचं, उकळी वगैरे काही नाही. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय नुसतंच गोड गोड लागतं. लगेच तीन बाऊलमध्ये वाटून घ्या, तिघांत तीन रंग, आणि २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनला बटर पेपर लावून एकावर एक थर. कळीची गोष्ट ही की खालचा थर पूर्ण घट्ट होऊ द्यायचा नाही, बोट लावलं तर चिकटेल पण बोट आत जाणार नाही अशा बेताला पुढचा थर घालायचा. फार घट्ट झाल्यावर घातला तर कापताना थर सुटून वेगळे होतात, फार लवकर घातला तर रंग एकमेकांत शिरतात. तोवर बाकीचे बाऊल कोमट पाण्यात ठेवले तर ते घट्ट होत नाहीत. रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून कापायची, प्रत्येक कापाला परत पुसायची, नाहीतर वरचा लाल खालच्या पांढऱ्यावर ओढला जातो आणि एवढी केलेली मेहनत पुसटून जाते. पाहुण्यांमध्ये सगळ्यात आधी संपला तो हा फजच. आणि गंमत बघा, किटच्या पत्रकात फजचा उल्लेखच नाही!

पत्रकात बार्कला, म्हणजे पातळ पसरवून हाताने मोडायच्या चॉकलेटला, पण दोन ओळी दिल्यात, खरं तर तोच मुखपृष्ठावर हवा होता. साचे नाहीत, माप नाही, बटर पेपरवर पांढरं मिश्रण चार-पाच मिलिमीटर जाडीचं पसरवा, त्यावर रंगीत मिश्रणाच्या रेघा सोडा, टूथपिक फिरवा की नक्षी तयार. दोन्ही मिश्रणं सारखीच गरम असली पाहिजेत, नाहीतर रंगीत रेघ वरच बसून राहते, आत फिरत नाही. टूथपिकही आवरून फिरवा, जास्त फिरवलं की सगळा एकच मळकट रंग होतो आणि लहान मुलं नेमकी तिथेच थांबत नाहीत. बदामाचे तुकडे, सुकवलेली क्रॅनबेरी, जे काय असेल ते लगेच टाका, पाच मिनिटांनी टाकाल तर चिकटणार नाही. घट्ट झालं की हाताने मोडा, वेडेवाकडे तुकडे झाले तरी तेच छान दिसतात. साचे भरण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या पाव वेळात हे होतं.

गमीच्या पाकिटाबद्दल दोन शब्द. त्यात जिलेटिन आहे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेलं, आणि ते खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलंय. घरात शाकाहारी माणसं असतील तर आधी बघून घ्या. अगर-अगर समुद्री शेवाळापासून येतं, ते चालेल, पण ते नीट उकळावं लागतं आणि चावायला जिलेटिनसारखं रबरी लागत नाही, कट्कन तुटतं. शिवाय पत्रकात "ताज्या फळाचा गर घाला" आणि फोटो किवीचा. ताजी किवी, अननस, पपई यांत प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच, त्यामुळे ते कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा, पातळच राहणार. गर आधी उकळून घेतला तर एन्झाइम मरतात, मग जमतं. अगरला हा त्रास नाही.

स्प्रिंकल्स दिसायला छान, खायला खडे. घटकांत ई ९०४ होतं, म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचा चकाकीचा थर, आणि लाल दाण्यांना ई १२०, म्हणजे कार्माइन, तोही किड्यापासूनच. लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगितलं, खायचं की नाही ज्याचं त्याने ठरवावं. रंगांचे नियमही देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात टार्ट्राझिनसकट सहा रंगांवर, मुलांच्या चंचलपणावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना २०१० पासून छापावी लागते, टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग तिथे खाण्यात २०२२ पासून बंद आहे, आणि अमेरिकेने रेड ३ या लाल रंगाची परवानगी जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली. सणाला दोन वड्या खाल्ल्या म्हणून आकाश कोसळत नाही, पण ज्या बाटलीवर रंगाचं नाव किंवा नंबरच नाही ती मी तरी घेणार नाही.

सोनेरी भुकटी मात्र मी सरळ कचऱ्यात टाकली. डबीवर "बिनविषारी" आणि "फक्त सजावटीसाठी" असं लिहिलंय, "खाण्यायोग्य" कुठेच नाही, घटकांची यादी पण नाही. बिनविषारी म्हणजे खायला चालेल असं नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडला वाढदिवसाच्या केकवर लावलेल्या असल्याच चमकीने मुलं आजारी पडली होती, तपासात त्यात तांबं सापडलं. खाण्याच्या पदार्थाच्या किटमध्ये न खाण्याची वस्तू घालायचीच कशाला, हा माझा साधा प्रश्न आहे. याचा अर्धा स्टार कापला.

थर्मामीटर आणि लॉलीपॉपची कृती मोठ्यांसाठी आहे असं समजा. कडक गोळीसाठी पाक १४९ ते १५४ अंशांपर्यंत न्यावा लागतो आणि तो हातावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो, तेव्हा पोरांना स्वयंपाकघराच्या बाहेर काढूनच करा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला तर गोळी देऊच नका, घशात अडकते. थर्मामीटर वापरायच्या आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. समुद्रसपाटीला १०० दिसायला हवेत, उंचावर राहत असाल तर साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. माझा त्याहूनही चार अंश कमी दाखवत होता, म्हणजे हव्या त्या आकड्यातून तेवढं वजा करून चालायचं, नाहीतर १५० दिसेपर्यंत पाक १५४ ला पोचलेला असणार. भरवसा नसेल तर वाटीभर गार पाण्यात थेंब सोडा, बाहेर काढून मोडला की टक्कन तुटला तर झालं, वाकला तर अजून थांबा.

ठेवायचं कसं तर साच्यातल्या वड्या आणि बार्क बाहेरच, गार कोरड्या जागी, एअरटाईट डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून. फज फ्रिजमध्ये. उकाड्यामुळे वड्याही फ्रिजमध्ये ठेवाव्या लागल्या तर डबा बाहेर काढून लगेच उघडू नका, बंद डबाच आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार वडीवर हवेतलं पाणी जमतं, रंग ओघळतात आणि वाळल्यावर पांढरट पापुद्रा राहतो. गमी बाकीच्यांच्या डब्यात ठेवू नका, ओलावा सोडतात.

परत घेणार का म्हणाल तर अख्खं किट नाही. याच पद्धतीचे जाड साचे, मेल्ट्सची मोठी पिशवी आणि तेलातले तीन रंग, लाल, पिवळा, निळा, बाकीचे त्यातूनच होतात, एवढं सुटं घेतलं की झालं. कुणाला भेट द्यायची असेल, समोरच्याच्या घरी काहीच सामान नसेल तर किट ठीक आहे, फक्त सोनेरी डबी काढून घ्या आणि बाटल्यांवर पेनाने "फक्त फजसाठी" लिहून द्या. आणि हो, काड्या कागदाच्या आहेत, चॉकलेटमध्ये चांगल्या राहतात पण फजमध्ये खोचून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, त्या वाढायच्या आधीच खोचा.